‘हेमाडपंती’ या संज्ञेची चिकित्सा : अंबरनाथच्या शिवालयाच्या अनुषंगाने

महाराष्ट्रातील एखादे जुने देवालय पाहावयास गेलेल्या जिज्ञासूने ‘हे कोणी बांधले?’ असा प्रश्न केला, तर त्यास बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे गावकरी सांगतो. ‘हेमाडपंती आहे’ असे शिकलेला माणूस सांगतो. पहिल्या उत्तरास हसण्याची आणि दुसऱ्यास मान डोलावण्याची प्रथा आहे. पहिले उत्तर भाबडेपणाचे आणि दुसरे इतिहासाचे, अशी विभागणी त्यामागे गृहीत धरलेली असते. ही विभागणी कितपत टिकते, याची परीक्षा करावयाची झाल्यास ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवालयाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या देवालयाचा काळ त्यातील शिलालेखाने निश्चित होतो, बांधविणाऱ्यांचे कुळ ज्ञात आहे, त्याच्या शिखराचा प्रकार शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत नावानिशी सांगितलेला आहे; आणि इतके असूनही त्याला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते.

अंबरनाथचे देवालय वालधुनीच्या काठी, रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस, चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. एकेकाळी ते गावाबाहेर झाडीत होते. आज त्याच्याभोवती कारखान्यांचे व दाट वस्तीचे शहर पसरले आहे, आणि नदीचे म्हणावे असे त्या ओढ्यात फारसे काही उरलेले नाही. देवालय पश्चिमाभिमुख असून काळ्या पाषाणात बांधलेले आहे. मंडपास पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांनी प्रवेशाचे अर्धमंडप आहेत. मंडपातून गर्भगृहात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. मंडपातील कोरीव स्तंभांवरून खिळलेली दृष्टी काढून खोल, थंड आणि ओलसर गाभाऱ्यात उतरल्यावर डोक्यावर छताऐवजी उजेड दिसतो. कारण गर्भगृहावरील शिखर पूर्णत्वास गेलेले नाही, किंवा गेले असल्यास ढासळले आहे. बाहेरच्या भिंतींना इतके कोन आणि इतके पुढे-मागे घेतलेले थर आहेत की सपाट असा भाग शोधूनच काढावा लागतो. शिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. भाविकाच्या दृष्टीने हे चालते-बोलते देवस्थान आहे, केवळ अवशेष नव्हे. त्यामुळे येथे सांगितला जाणारा इतिहास ग्रंथालयात पडून राहत नाही, वर्षानुवर्षे सहस्रावधी कानांवर पडत राहतो.

प्रथम पांडवांच्या कथेचा विचार करणे इष्ट. अज्ञातवासात असताना पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत उभारले, परंतु उजाडल्यामुळे काम तसेच टाकून त्यांना जावे लागले, म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही, असे सांगतात. एका रात्रीच्या बांधकामाची कथा महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर शेकडो वास्तूंना चिकटलेली आहे. तीत स्थानिक असे काही नाही. येथे स्थानिक आहे तो कथेचा शेवट. गाभारा वरून उघडा आहे हे कोणीतरी पाहिले, त्यास कारण हवे होते, आणि ज्ञात असलेल्या कथेतून ते कारण काढले गेले. म्हणजे कथेतील कर्ता काल्पनिक असला तरी तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खरे आहे. शिखर अपुरे का, हा प्रश्न वास्तुशास्त्राच्या अभ्यासकालाही पडतोच. गावकऱ्याने तो शेकडो वर्षे आधी विचारला, एवढाच फरक. दंतकथेस इतिहास मानणे चूक आहे. परंतु तिने काय पाहिले आहे ते न पाहताच तिला टाकून देणे, हीसुद्धा चिकित्सा नव्हे.

‘हेमाडपंती’ या उत्तराची गोष्ट वेगळी आहे. त्यात निरीक्षण नाही, केवळ नाव आहे. आणि ते नाव ज्या व्यक्तीचे आहे ती व्यक्ती या देवालयाच्या काळी जन्मलेलीही नव्हती.

हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि रामचंद्र यादव (१२७१ ते १३११) यांच्या कारकिर्दींत तो अधिकारारूढ होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. मोडी लिपीपासून बाजरीपर्यंत अनेक गोष्टींचे श्रेय लोकांनी त्याच्या पदरात घातले. बिभीषणास रोगमुक्त करून त्याच्याकडून राक्षस मिळविले आणि त्यांच्याकरवी देवळे व विहिरी बांधविल्या, अशीही त्याची कथा सांगतात. ही कथा आणि पांडवांची कथा या दोहोंत जातीचा काही भेद नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘हेमाडपंती’ हा शब्द शास्त्रीय परिभाषेसारखा दिसतो खरा, पण त्याचे मूळ त्याच लोककथेच्या मातीत आहे. एका ठिकाणी पांडव, दुसऱ्या ठिकाणी लंकेचे राक्षस आणि त्यांचा धनी हेमाडपंत! शिकलेल्या माणसाने राक्षस वगळले आणि हेमाडपंत तेवढा ठेवला.

शब्दाच्या घडणीकडे पाहिले तरी हेच दिसते. ‘हेमाद्रि’ या संस्कृत नामातील ‘द्रि’ या जोडाक्षराचे ‘ड’ होऊन ‘हेमाड’ हे रूप लोकांच्या तोंडी रुळले. त्यास ‘पंडित’ या शब्दाचा झिजलेला अवशेष जो ‘पंत’, तो आदरार्थ जोडला गेला. आणि शेवटी संबंधदर्शक ‘ई’ प्रत्यय लागून विशेषण सिद्ध झाले. हे ध्वनिपरिवर्तन बोलणाऱ्यांच्या जिभेवर झालेले आहे. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत असा शब्द नाही. तेथे प्रासादांच्या जाती नागर, द्राविड, वेसर, भूमिज, लतिन इत्यादी नावांनी सांगितल्या आहेत. ज्या स्थपतीने अंबरनाथचे शिखर उभारले त्याला ‘हेमाडपंती’ या शब्दाने काहीही बोध झाला नसता.

या संज्ञेची व्याख्या म्हणून जे लक्षण सांगितले जाते ते असे : चुना किंवा अन्य कोणताही बांधणीचा लेप न वापरता, दगडास दगड घट्ट बसवून केलेले बांधकाम. हे लक्षण खरे असले तरी व्यावर्तक नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत त्यावर अतिव्याप्तीचा दोष येतो. माळव्यातील, गुजरातेतील आणि कर्नाटकातील मध्ययुगीन पाषाणमंदिरे याच रीतीने बांधलेली आहेत, आणि त्यांतील कित्येक हेमाद्रीच्या पूर्वीची आहेत. या लक्षणाने हेमाडपंती ठरणाऱ्या देवालयांची यादी करू गेल्यास ती महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून जाईल. उलट, महाराष्ट्रातील यादवकालीन म्हणून ज्ञात असलेल्या काही उत्तरकालीन, साध्या, अलंकरणविरहित देवालयांना ही संज्ञा कालाच्या दृष्टीने शोभण्यासारखी आहे. परंतु अंबरनाथसारख्या शिल्पांनी गजबजलेल्या वास्तूस आणि त्या साध्या देवालयांस एकाच नावाने हाक मारल्याने दोहोंचेही वैशिष्ट्य झाकले जाते. हेन्री कझिन्स याने दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील आपला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्यापुढेही हीच अडचण होती, कारण जुने आणि दगडी दिसले की हेमाडपंती म्हणावयाचे, ही रीत त्या काळीही सार्वत्रिक होती. त्यानंतर नऊ दशके उलटून गेली, तरी शालेय पुस्तकांतून, माहितीफलकांतून आणि प्रवासवर्णनांतून ती रीत हललेली नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराचीही हीच गत आहे. तेथे सिंघण यादवाचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ चा दानलेख आहे. देवालय त्याहून जुने असलेच पाहिजे. आणि हेमाद्रीच्या अधिकाराचा आरंभ त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने होतो.

अंबरनाथचा शिलालेख मंडपाच्या उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर कोरलेला आहे. भाषा संस्कृत, लिपी नागरी. लेख लहान आहे आणि अंधाऱ्या जागी आहे. दर्शनास येणाऱ्या शंभरांतील नव्याण्णवांच्या तो दृष्टीस पडत नाही. त्याच्या वाचनाचा इतिहास मात्र मोठा उद्‌बोधक आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. त्याप्रमाणे देवालय इसवी सन ८६० चे ठरत होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासून पहिला अंक सात नसून नऊ आहे, म्हणजे शक ९८२, इसवी सन १०६० आहे, असे दाखविले. एका अंकाच्या वळणाने दोनशे वर्षांचा फरक पडला. हा फरक केवळ अक्षरवटिकेच्या आधारे मिटवावा लागला असता तर कदाचित वाद चालू राहिला असता. परंतु कान्हेरीच्या लेण्यांतील लेख येथे साक्षीस आहेत. त्यांत शिलाहार पुल्लशक्ती शके ७६५ मध्ये आणि त्याचा पुत्र दुसरा कपर्दी शके ७७५ व ७९९ मध्ये राज्य करीत असल्याचे दिसते. शके ७८२ मध्ये उत्तर कोकणात माम्वाणी नावाच्या दुसऱ्या शिलाहार राजास जागाच उरत नाही. शके ९८२ धरल्यास मात्र तो आपल्या योग्य स्थानी बसतो : वज्जडाचे छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी असे तीन पुत्र एकामागून एक गादीवर आले, त्यांतील तिसरा तोच हा माम्वाणी.

‘मुम्मुणी’ आणि ‘माम्वाणी’ ही एकाच नावाची दोन रूपे आहेत, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु शिलाहारांच्या वंशावळीतील पुल्लशक्ती, झंझ, गोग्गी, वज्जड, छित्तराज ही नावे पाहिली म्हणजे त्यांतील बहुतेक मूळची संस्कृत नाहीत, हे उघड होते. असंस्कृत नाव संस्कृत लेखात घालताना प्रत्येक लेखकाने आपल्या कानास जसे वाटले तसे ते लिहिले. या घराण्याची ‘तगरपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली प्रसिद्ध आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. कोकणच्या राजांनी घाटावरील एका नगराचे स्वामित्व शतकानुशतके बिरुदात मिरवावे, आणि त्यांची नावे संस्कृत लेखकांस धड लिहिता येऊ नयेत, या दोन गोष्टींवरून त्यांच्या मूळस्थानाविषयी आणि भाषेविषयी जो बोध होतो तो ‘हेमाडपंती’ या चार-पाच अक्षरांखाली पूर्णपणे गाडला गेला आहे.

लेखात छित्तराजदेवाच्या ‘भवना’चा उल्लेख येतो. हा शब्द लहान असला तरी अडचणीचा आहे. ‘भवन’ म्हणजे घर, राजाचा वाडा आणि देवाचे मंदिर. संस्कृतात तिन्ही अर्थ रूढ आहेत. लेख देवालयाच्या तुळईवर आहे, यावरून येथे देवालयाचाच अर्थ अभिप्रेत आहे असे समजणे सयुक्तिक होय. मग १०६० मध्ये राज्य माम्वाणीचे असताना भवन छित्तराजाचे कसे? वासुदेव विष्णु मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा संग्रह १९७७ मध्ये संपादित केला. छित्तराजाने आरंभिलेले काम माम्वाणीच्या काळी पुरे झाले, हा आज सामान्यतः मान्य असलेला पक्ष त्या अभ्यासातून पुढे आलेला आहे. छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८, म्हणजे १०२६ चा आहे. तेव्हा त्याच्या कारकिर्दीत पाया घातला गेला असल्यास काम पुष्कळ वर्षे रेंगाळले, असे मानावे लागते. भाऊ-भाऊ एकामागून एक राज्य करीत असता, अंतर्गत कलह आणि बाह्य आक्रमणे यांच्या धामधुमीत ते रेंगाळणे अस्वाभाविक नाही. तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तुळईवरील लेखाचा काळ हा त्या तुळईचा, फार तर एका टप्प्याचा काळ होय. शिखराच्या शेवटच्या थराचा तो काळ आहे असे लेख म्हणत नाही. शिखर अपुरे राहिले असल्यास ‘पूर्ण झाले’ हा शब्द कोणत्या अर्थी घ्यावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि पांडवांच्या कथेतील गावकरी नेमका याच ठिकाणी बोट ठेवून उभा आहे.

स्थळनामाचाही येथे थोडा विचार केला पाहिजे. ‘अंबर म्हणजे आकाश, गाभारा आकाशास उघडा म्हणून देव अंबरनाथ’ अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती सुंदर आहे, आणि म्हणूनच संशयास्पद आहे. देवाचे नाव मुळात ‘आम्रनाथ’ असावे, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. ध्वनिदृष्ट्या त्यात काहीच कठीण नाही. ‘म्’ नंतर लगेच ‘र’ उच्चारावयाचा झाल्यास ओठ उघडताना मध्ये ‘ब’ डोकावतो : आम्र, आंब्र, मग प्राकृत अंब आणि मराठी आंबा, तसेच ताम्र, तंब, तांबे. ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये ‘द’ येऊन वानराचे वांदर होते, तोही याच जातीचा प्रकार. ‘आम्रनाथ’ पूर्णपणे लोकभाषेत झिजले असते तर त्यातील ‘र’ नाहीसा होऊन ‘आंबनाथ’सारखे काही रूप मिळाले असते. ‘र’ टिकला आहे, आणि ‘ब्र’ या जोडाक्षरात स्वरभक्ती होऊन ‘बर’ झाले आहे. पुजारी आणि शास्त्री यांनी अर्धवट सांभाळलेल्या, अर्धतत्सम नावाचे हे लक्षण होय. जुन्या लेखनात ‘अमरनाथ’ असेही रूप आढळते. तेही याच मुळापासून ‘ब’ न येता सिद्ध होऊ शकते. मूळ नाव विस्मृत झाल्यावर उघड्या गाभाऱ्याकडे पाहून लोकांनी ‘अंबर’ शब्दास नवा अर्थ दिला. शिखर पूर्ण असते तर हा अर्थ कोणास सुचलाही नसता. म्हणजे पांडवकथा आणि ही व्युत्पत्ती ही दोन्ही एकाच अपुऱ्या शिखराची अपत्ये आहेत.

आता शिखराच्या प्रकाराकडे वळावे. अंबरनाथचे शिखर भूमिज जातीचे आहे. चारही बाजूंच्या मध्यावरून एकेक नक्षीदार पट्टी, जिला लता म्हणतात, खालून वर जाते. आणि दोन लतांमधील कोनांत लहान लहान शिखरांच्या, म्हणजे कूटांच्या, ओळी एकावर एक अशा रचलेल्या असतात. या आडव्या ओळींना भूमी म्हणतात. अंबरनाथला शिखराचा खालचा भाग शिल्लक असल्यामुळे ही रचना अंगणात उभे राहून कोणासही ओळखता येते. त्यास कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज नाही, फक्त कोणीतरी ‘तिकडे पाहा’ असे म्हणावे लागते. ‘भूमिज’ या नावाचा अर्थ ‘भूमींपासून, म्हणजे मजल्यांपासून, झालेले’ असा घ्यावा, की ‘त्या भूमीत, म्हणजे देशात, जन्मलेले’ असा घ्यावा, याविषयी मतभेद आहे. व्याकरण दोन्ही अर्थांना मोकळीक देते. परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात या जातीचे वर्णन आहे. भोजाचा काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे ही संज्ञा अंबरनाथच्या देवालयाच्या अगदी समकालीन आहे. एकीकडे समकालीन आणि वास्तूचे अवयव सांगणारी संज्ञा, दुसरीकडे दोन शतकांनंतरच्या अमात्याचे नाव. निवड करणे अवघड नसावे.

भूमिज म्हणताच दृष्टी माळव्याकडे वळते, आणि ती तशी वळणे योग्यच आहे. भोजाचे १०२० मधील दोन ताम्रपट, बांसवाडा आणि बेटमा येथील, कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दिलेल्या दानांचे आहेत. मध्य प्रदेशातील उदयपूर येथील उदयेश्वराचे प्रसिद्ध भूमिज देवालय परमार उदयादित्याचे. ते १०८० च्या सुमारास पूर्ण झाले. खानदेश-नाशिक भागात झोडगे आणि सिन्नर येथे हीच जात पुढे आढळते. माळव्याहून तापी ओलांडून, नाशिकवरून घाट उतरून कोकणात येणारी एक वाट या देवालयांच्या रांगेतून डोळ्यांपुढे उभी राहते. मात्र येथे उतावीळपणे ‘माळव्याने दिले, कोकणाने घेतले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. अंबरनाथचा लेख १०६० चा आहे. उदयेश्वर पूर्ण झाले ते त्यानंतर. लेखाने काळ निश्चित झालेल्या भूमिज देवालयांत अंबरनाथ अगदी आरंभीच्यांपैकी आहे. विजयाने कर मिळतो, हत्ती मिळतात. शैलीही मिळते असे नाही. स्थपती एका दरबारातून दुसऱ्या दरबारात कामासाठी जात असत, आणि त्यांच्या जाण्यायेण्याचे ताम्रपट निघत नसत.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे ‘हेमाडपंती’ हे विशेषण या देवालयाच्या बाबतीत केवळ चुकीचे न राहता क्रूर ठरते. हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडाच्या आरंभी आपल्या धन्याच्या वंशाची प्रशस्ती लिहिली आहे. तीत महादेव यादवाने कोकणचा राजा सोमेश्वर याचा केलेला उच्छेद मोठ्या अभिमानाने वर्णिला आहे : जमिनीवर पराभूत झालेला सोमेश्वर समुद्रात शिरला आणि तेथेच बुडाला, महादेवाच्या क्रोधापेक्षा त्यास वडवानल सुसह्य वाटला, असा कवीचा आशय. हा सोमेश्वर उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा, आणि घटना १२६५ च्या सुमाराची. बोरिवलीजवळ एकसर येथे असलेल्या वीरगळांवरील नौकायुद्धाचे शिल्प याच प्रसंगाचे, असे काही अभ्यासक मानतात. ते असो वा नसो, प्रशस्तीतील मजकूर स्पष्ट आहे. ज्या घराण्याने अंबरनाथचे देवालय उभारले त्याच्या अंताचे गुणगान ज्याने केले, त्याच्याच नावाने आज ते देवालय ओळखले जाते. जेत्याच्या अमात्याने मंदिर घेतले नाही. ते त्याला नंतरच्या मराठी वाचकांनी अजाणता बहाल केले.

शिलाहारांविषयीचे हे विस्मरण मराठीच्या अभ्यासकाने तरी होऊ देता कामा नये. अंबरनाथचा लेख संस्कृत आहे खरा. परंतु याच घराण्याच्या राज्यात, अलिबागजवळ अक्षी येथे, मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा शिलालेख कोरला गेला. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे १०१२, असा धरला; इतरांनी तो बराच अलीकडे आणला आहे. परळ येथील अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखात संस्कृत दानवर्णन संपल्यावर शेवटची शापवाणी मात्र मराठीत येते. तिची भाषा ग्राम्य आहे आणि तशीच असावयास हवी होती. दान कोणी दिले हे राजास आणि देवास कळले म्हणजे पुरे. ते मोडल्यास काय होईल, हे शेजारच्या शेतकऱ्याला कळले पाहिजे. ज्या राजवटीच्या दगडांवर मराठी अशी गरजेपोटी, कोणताही गाजावाजा न करता उतरली, ती राजवट मराठी वाचकाच्या स्मरणात नाही. यादव आणि हेमाडपंत आहेत.

ज्ञानेश्वरी आणि महानुभावांचे गद्य ज्या काळात झाले त्या काळाविषयी मराठी मनास ओढ असावी, यात नवल नाही. वैभवाच्या सगळ्या खुणा त्याच काळाच्या खाती जमा करण्याची प्रवृत्ती त्या ओढीतून आली असावी. परंतु खाते चुकीचे आहे. याच प्रवृत्तीचे एक नवे रूप अलीकडे दिसू लागले आहे. युनेस्कोने जगातील २१८ कलासंपन्न वास्तूंत अंबरनाथची गणना केली आहे, हे वाक्य लेखांमागून लेखांत, आकड्यासह, कोणताही आधार न देता उतरविले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत अंबरनाथ नाही. पांडव, हेमाडपंत आणि युनेस्को ही एका अर्थी एकाच परंपरेतील तीन नावे होत. देवालयाची थोरवी त्याच्या बाहेरील कोणत्यातरी मोठ्या नावावरून सिद्ध करावयाची, ही तिन्हींमागील समान धारणा आहे. यांतील पांडवांनी निदान शिखराकडे पाहिले होते.

‘हेमाडपंती’ हा शब्द मराठीतून हद्दपार करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. शब्द कोणाच्या सांगण्यावरून जात नाहीत, आणि लोकभाषेत ‘जुने दगडी देऊळ’ एवढ्या अर्थाने तो चालण्यास हरकतही नाही. डालडा म्हणजे कोणतेही वनस्पती तूप, तसाच तो एक सामान्यनामाचा प्रकार आहे. प्रश्न आहे तो अध्यापनात, फलकांवर आणि अभ्यासपूर्ण म्हणविणाऱ्या लेखनात त्यास शैलीवाचक परिभाषेचे स्थान देण्याचा. तेथे तो ठेवल्यास प्रेक्षक प्रश्न विचारणे थांबवितो. ‘भूमिज’ म्हटल्यास लता आणि कूट शोधावे लागतात. ‘शिलाहारकालीन’ म्हटल्यास शिलाहार कोण हे विचारावे लागते. ‘हेमाडपंती’ म्हटल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही.

या देवालयाच्या अभ्यासाची सामग्री अपुरी आहे असेही नाही. १८६८ मध्ये मुंबई सरकारने अंबरनाथची मोजमापे, रेखाटने आणि शिल्पांचे साचे तयार करविले होते. त्यांच्या आधारे तयार झालेला वृत्तांत १८७४ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. शिखराचा भाग त्या वेळी किती उभा होता, सांधे कोठे निखळले होते, हे त्या चित्रांवरून पाहता येते. ती चित्रे हाती घेऊन आजच्या शिखराशी थरामागून थर ताडून पाहिल्यास, शिखर पडले की मुळातच अपुरे राहिले, या प्रश्नाचा निदान एक भाग सुटण्यासारखा आहे. त्याच वेळी उत्तर द्वाराच्या तुळईवरील लेखाचा पाठ आणि त्याचा मराठी अर्थ दाराशेजारी, उजेडात, वाचता येईल अशा अक्षरांत लावला गेल्यास दर्शनास येणाऱ्याला मान वर करून तो मूळ लेख शोधता येईल.